पत्रकातला पाचवा मुद्दा

सातवा महिना संपता संपता माझी अंगठी बोटातून निघेना. साबण लावला, खोबरेल लावलं, दोरा गुंडाळून ओढून पाहिली. शेवटी राहुलने, माझ्या नवऱ्याने, कंपनीतून पक्कड आणून ती तोडली. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तोंडपण बघ कसं भरलंय. मला हे बरं दिसत नाही. कुणाची तरी नजर लागलीय." त्यावर मी त्यांना तिथल्या तिथे भाषण दिलं. दीक्षा घेतलेल्या घरात नजर हा शब्द निघतोच कसा, आजोबांनी घरातले देव नदीत सोडले ते कशासाठी, वगैरे. त्या बिचाऱ्यांनी तोडलेली अंगठी उचलून डबीत ठेवली. भाषण संपलं तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. मला वाटलं, बोलून बोलून ठणकतंय.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून समजलेलं नाही. विहारातल्या बायका म्हणाल्या, तुझा अनुभव लिही, श्रद्धेने लिही. श्रद्धेने कसं लिहितात ते मला येत नाही. मला पत्रक लिहिता येतं. पत्रकात शंका चालत नाही. समोरचा चूक, आपण बरोबर, सभेला या. इथे तसं करता येणार नाही. ज्यांना चमत्कार म्हणायचा त्यांनी म्हणावा, ज्यांना योगायोग म्हणायचा त्यांनी तसं म्हणावं. मी दोन्ही शब्द लावून पाहिलेत. एकही नीट बसत नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. लग्न होऊन अंबरनाथ पूर्वेला आले आणि वर्षभरात आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची पत्रकं लिहिणारी झाले. नळाला पाणी नाही, पत्रक. रेशनवर सडका गहू, पत्रक. पालेगावकडे एक बुवा मूल होण्याचा अंगारा वाटत होता, त्याच्यावर दोन पत्रकं. छपाई उल्हासनगरला कॅम्प तीन म्हणतात त्या भागात व्हायची. प्रेसच्या दोन्ही बाजूंना जीन्सचे कारखाने होते, त्यामुळे आमच्या पिवळ्या कागदावर नेहमी निळसर धूळ बसलेली असायची. झटकून वाटायचे. रेशन दुकानदाराला भर दुकानात मी वजनकाटा उलटा करून दाखवायला लावला होता. लोक मला घाबरायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

गरोदर राहिल्यावर मी एक नवीन पत्रक लिहिलं. गरोदर बाईला घरातल्या, शेजारच्या बायका काय काय सांगून भिववतात त्यावर. ग्रहण, काळा दोरा, लिंबू, विटाळ, सगळ्याचा समाचार घेतला होता. त्यातला पाचवा मुद्दा असा होता: "गरोदरपणात हातापायांवर व चेहऱ्यावर सूज येणे ही नैसर्गिक बाब आहे. तिला नजर किंवा बाधा म्हणून घाबरवणाऱ्यांपासून सावध राहा." हे मी मनाने लिहिलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं होतं. मी ज्यांच्याकडे नाव घातलं होतं त्यांचं प्रसूतिगृह स्टेशनपासून जवळ होतं, बाहेर कायम गर्दी. मी विचारलं तेव्हा ते कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "नॉर्मल आहे, होतं असं." आणि मग वर बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून बरं आहे. नाहीतर इथे एकेक बाई काय काय डोक्यात घेऊन येते." मला ते फार गोड लागलं. तिथेच मी फसले. ज्या बाईला कुणी रागावून गप्प करू शकलं नसतं तिला त्यांनी कौतुक करून गप्प केलं.

नंतर डोकं दुखायला लागलं, ते म्हणाले डोळे तपासून घ्या. बरगडीखाली दुखायला लागलं, म्हणाले ॲसिडिटी, आणि गुलाबी औषधाची बाटली दिली. दर वेळी बाहेर टेबलावर बसलेली मुलगी माझ्या कार्डावर वजन लिहायची आणि पुढे एकशे वीस, ऐंशी. दर वेळी तेच. मला वाटायचं, वा, माझं बीपी किती शिस्तीचं आहे. प्रश्न विचारा, प्रश्न विचारा असं भिंतीभिंतीवर लिहिणारी मी, पण डॉक्टर म्हणजे विज्ञान आणि विज्ञान आपल्या बाजूचं, असं माझं साधं गणित होतं. आपल्या बाजूच्या माणसाला कोण प्रश्न विचारतं?

आमच्यात डोहाळजेवणाच्या जागी गर्भमंगल करतात. विहारात वंदना होते, भंते रक्षणाचा परित्राणपाठ म्हणतात. त्या वेळी एक लांब पांढरं सूत सगळ्यांच्या हातातून फिरवलेलं असतं आणि पाठ संपला की त्याचा तुकडा होणाऱ्या आईच्या मनगटाला बांधतात. मला ते पटत नव्हतं. पांढरा असला तरी दोरा तो दोराच, काळ्याला विरोध आणि पांढऱ्याला हात पुढे, हे काय? सासूबाईंशी यावरून दोन दिवस वाद चालला. रविवारी सकाळी विहारातही मी भंतेंना सरळ सांगितलं की मी बांधून घेणार नाही. ते म्हातारे होते, शांत होते. म्हणाले, "नको बांधूस. सगळ्यांनी हातात धरलंय तसं तूही धर." मी धरलं. पण पाठ संपल्यावर सासूबाईंच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी माझ्यासाठी नवीन पांढरं लुगडं घेतलं होतं, पहाटे उठून खिरीचं दूध आटवलं होतं. मी मुकाट्याने मनगट पुढे केलं. मनात म्हटलं, घरी गेल्यावर काढून टाकू.

वंदना चालू असताना मला प्रत्येक मेणबत्तीच्या तीन ज्योती दिसत होत्या. मी समजले खिडकीतून वारा येतोय.

आणि मी अशी की स्वतःच्या गर्भमंगलालाही पत्रकं घेऊन गेले होते. खिरीच्या वाट्यांबरोबर ती पिवळी पत्रकंही फिरली. बायकांनी घडी करून कमरेला खोचली. खीर संपली, बायका निघाल्या, सासूबाई भांडी आवरायला लागल्या. एक म्हातारी मात्र भिंतीला टेकून तशीच बसली होती. खीर न खाता पत्रक वाचत होती, अक्षराला अक्षर लावत, बोट फिरवत. मी तिला ओळखत नव्हते. ती ठमाबाई. चामटोली गावची, आमच्या शेजारणीच्या नात्यातली. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात तिने आयाबाई म्हणून जन्म काढला होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की ती उठली, पत्रक हातात धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिचा चेहरा भांडायचा होता.

"ह्ये कोणी लिवलं?"

"मी."

"तू डाक्टरीण हायस?"

"नाही. डॉक्टरांना विचारून लिहिलंय, मावशी. तुम्हाला काय पटलं नाही ते सांगा."

"काय पटलं नाय? ह्यो पाचवा नंबर. तोंडाला सूज आली तं गप बसा, आसं लिवलंस तू. आनी वाटत फिरतेस. कोण डाक्टर तो? त्याच्या बायकोचं तोंड सुजलं तं तो आसाच बसंल का?"

मीही कमी नव्हते. मी म्हटलं, जुन्या बायकांनी भीती घालून घालून बायकांची वाट लावलीय, म्हणूनच पत्रक लिहावं लागतं. ती म्हणाली, "जुन्या बायका गेल्या उडत. मी नजर बोलले का? मी सूज बोलते." आणि बोलता बोलता ती थांबली. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. इतका वेळ ती पत्रकाशी भांडत होती, माझ्याशी नव्हे. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मग खाली बसली, माझं लुगडं जरा वर केलं आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तर तिथे खड्डा. "बघ," ती म्हणाली, "भरतोय का?" आम्ही दोघी बघत राहिलो. सासूबाई ओल्या हाताने येऊन उभ्या राहिल्या, त्याही बघत राहिल्या. भरेना.

तिचा आवाज एकदम बदलला. भांडण कुठे गेलं कळलं नाही. डोकं दुखतं का, डोळ्यापुढं चमकतं का, बरगडीखाली कळ येते का, एकेक विचारत गेली. मी सगळ्याला हो म्हणत गेले आणि प्रत्येक 'हो' बरोबर माझ्या पायाखालचं काहीतरी सरकत होतं. तरी मी म्हटलंच, उद्या माझी डॉक्टरांची तारीख आहे. ठमाबाई म्हणाली, "उद्याचं उद्या. आत्ता उठ."

तरी वाटेत मी हट्टाने आधी त्या प्रसूतिगृहाशी रिक्षा थांबवायला लावली. दार बंद. आतून कंपाउंडर आला, म्हणाला, "संडे आहे. दुखायला लागलं असेल तर सांगा, नाहीतर उद्या या." मला दुखायला लागलेलं नव्हतं. काय सांगणार? पुढे उल्हासनगरच्या शेअर रिक्षात आम्ही तिघी मागे बसलो, एका बाजूला ठमाबाई, दुसऱ्या बाजूला सासूबाई, मधे मी. रिक्षावाला हलेना. पुढे बघत म्हणाला, "अम्मा, एक सवारी और आने दो." ठमाबाई म्हणाली, "चौथी सवारी पेट में बैठी है. चल." तो मागे वळून बघून हसला आणि मग त्याचं हसू गेलं, मला आठवतं. माझ्या चेहऱ्यात त्याला काय दिसलं कुणास ठाऊक. रस्ताभर तो एकदाही सवारीसाठी थांबला नाही. बाजारात जीन्सच्या गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी आडवी होती तर खाली उतरून स्वतः ढकलून आला.

सरकारी दवाखान्यावरही मी पूर्वी पत्रक लिहिलेलं होतं. घाण, गैरसोय, कर्मचाऱ्यांची अरेरावी, सगळं खरं होतं, आजही माघार घेत नाही. पण त्या दिवशी तिथली सिस्टर माझ्या दंडाला पट्टा बांधून फुगवत होती आणि तिने एकदा बघितलं, दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा बघितलं. मग तिने माझी लघवी काचेच्या नळीत घेतली आणि बत्तीवर धरली. नळीत पांढरं साकळत गेलं, उकडलेल्या अंड्यासारखं. ठमाबाईने ते बघितलं आणि तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाची एक मुलगी आली. तिने माझं कार्ड मागितलं. पानभर एकशे वीस, ऐंशी वाचलं. तिच्या पट्ट्याने आत्ता दाखवलेला आकडा होता एकशे ऐंशीच्या वर. ती रागावली नाही, तिने मला फक्त विचारलं, "तिकडे हाताला मशीन लावत होते का?"

इतका साधा प्रश्न. मी आठवायला लागले. ती टेबलावरची मुलगी, तिचं पेन, वजनाचा काटा, सतत वाजणारा फोन. पट्टा? पहिल्या वेळी बांधला होता. त्यानंतर? मला एकही वेळ आठवेना. पाच महिने माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी आकडा नुसता उतरवत होतं, आणि दुसऱ्याचा वजनकाटा उलटा करून बघणारी मी समोर बसून ते कार्ड जपून पिशवीत ठेवत होते.

तिने सांगितलं ते असं की बीपी फार वाढलंय, लघवीतून प्रथिनं जातायत, कधीही झटके येऊ शकतात, बाळ आत राहिलं तर दोघांना धोका आणि आठव्या महिन्यात बाहेर काढलं तर बाळाला धोका. काढावं लागेल, आजच. राहुल त्या दिवशी पाळीवर होता. कंपनीच्या गेटवर मोबाईल जमा करून घ्यायचे. सासूबाईंनी बाहेरच्या पीसीओवरून वॉचमनला निरोप दिला आणि कागदावर सही स्वतः केली. कापरं अक्षर, पण पूर्ण नाव. मला अजून ते अक्षर दिसतं.

आता जे लिहायचं ते मला सगळ्यात कठीण जातंय. त्यांनी कमरेत कसलं तरी इंजेक्शन दिलं आणि अंगात आग पसरली, पायापासून डोक्यापर्यंत. जीभ जड झाली. उजेड डोळ्यांना सोसत नाही म्हणून त्यांनी खिडकीला हिरवं कापड लावलं होतं, त्यामुळे भर दुपारी खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती. सिस्टर कात्री घेऊन आली, म्हणाली ऑपरेशनला जायचंय, हातातला दोरा कापते. मी दुसऱ्या हाताने मनगट झाकलं. का झाकलं? मला खरंच माहीत नाही. मी स्वतः तो घरी जाऊन काढणार होते. सिस्टरने कात्री खाली ठेवली, म्हणाली, "राहू दे, वरून चिकटपट्टी लावते." तिची समजूत काढावी लागली नाही, वाद घालावा लागला नाही. मला वाद घालताही आला नसता.

मी त्रिशरण म्हणायला लागले. विहारात रविवारी मी मुलांना वंदना शिकवायचे. प्रत्येक ओळीचा अर्थ सांगायचे, ही प्रार्थना नाही, मागणं नाही, हा निश्चय आहे, बजावून सांगायचे. त्या दुपारी मला दुसऱ्या ओळीपुढे जाता येईना. पहिली म्हणायचे, दुसरी म्हणायचे आणि पुढे कोरं. पुन्हा पहिलीपासून. लहानपणापासून पाठ असलेलं, झोपेत म्हणता येणारं, गेलं. मी इतकी घाबरले की बाळाची भीतीसुद्धा मागे पडली. माझ्याजवळ शब्दच नसतील तर मी कोण आहे?

शेजारच्या खाटेवर एक सिंधी बाई होती. तीही वाट बघत होती, तिचंही काहीतरी अडलेलं होतं. ती आपल्या भाषेत पुटपुटत होती, एकसारखं, दळण दळल्यासारखं. कुणाचं नाव घेत होती मला कळलं नाही. एरवी मी त्यावरही काहीतरी बोलले असते. त्या वेळी मी माझी ओळ शोधायची सोडून दिली आणि तिच्या आवाजाला धरून राहिले. ती जिथे श्वास घ्यायची तिथे मी घ्यायचे. एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता आणि मला पहिल्यांदा वाटलं की न कळता चालेल. आता जे करायचं ते दुसरी माणसं करतील, मी फक्त इथे पडून राहायचं. त्या गोष्टीला मी हरणं म्हटलं असतं, पण हरल्यासारखं वाटत नव्हतं. कुणीतरी हातातली जड पिशवी घेतल्यासारखं वाटत होतं. कुणी घेतली ते दिसलं नाही. मला उचलून नेलं तेव्हा मागून तिचा आवाज येतच होता.

मुलगी झाली. दीड किलोपेक्षाही कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, नळ्या लावून. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला तिचं वर्णन केलं तेव्हा त्यांना फक्त "बोटं आहेत, सगळी आहेत" एवढंच सांगता आलं. शेजारची खाट रिकामी होती. त्या बाईचं आणि तिच्या बाळाचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. अन्यायाची चौकशी करत गावभर फिरणारी मी, मला तेवढं विचारायचं धाडस झालं नाही. माझ्या कृतज्ञतेत ती रिकामी खाट कायमची आहे.

महिनाभराने मुलीला घरी आणलं. मी कार्ड घेऊन त्या डॉक्टरांकडे गेले. सगळं बोलले, एक शब्द गिळला नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे होतात तोपर्यंत तुम्हाला काही झालं नाही ना? जे झालं ते तिकडे गेल्यावर झालं." मी कार्ड पिशवीत टाकून उठले. आम्ही तक्रार अर्ज दिला, तो फिरतोय. पत्रकही काढलं. पण लिहायला बसले आणि पेन अडलं, कारण त्यांनी मला ज्या वाक्याने फसवलं तेच मी पाचशे कागदांवर छापून वाटलं होतं. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "तो पाचवा मुद्दा कशाला उकरतेस? आपलीच नाचक्की." मी म्हटलं, तो पहिला येईल. आणि तो पहिला आला: आमच्या मागच्या पत्रकातलं हे वाक्य चुकीचं आणि धोक्याचं आहे, ते आम्ही मागे घेतो, प्रत्येक वेळी हाताला मशीन लावून घ्या आणि स्वतः आकडा बघा. जुनी पत्रकं परत घ्यायला घरोघरी फिरले. पालेगावात एका बाईने फडताळातला डबा उचलून खालून आमचं पिवळं पत्रक काढून दिलं. "घे बाई. वाचलं कुणी? डब्याखाली घातलं होतं." मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पण सगळी काही डब्याखाली गेली नसतील. एखादीने वाचलं असेल, आणि ती सुजलेल्या तोंडाने घरी बसून राहिली असेल, तर? आणि दुसऱ्या बाजूने बघावं तर मी ते वाक्य बरोबर लिहिलं असतं तर ठमाबाई वाचून खीर खाऊन निघून गेली असती. माझ्या चुकीनेच तिला थांबवलं. ती अक्षर लावून वाचणारी नसती, भरभर वाचणारी असती, तरी ती आधीच निघून गेली असती. मग मी आभार कशाचे मानू? चुकीचे? ह्या विचाराचं टोक मला सापडत नाही. भंतेंना विचारलं. ते म्हणाले, कारणं फार असतात, सगळी मोजायला कुणाला वेळ आहे, जे मिळालं त्याने काय करतेस ते बघ. ते बरोबर असेल. माझा गोंधळ तेवढ्याने मिटला नाही.

त्या दिवसांत मला झोप नव्हती. मुलगी झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. श्वास चालू आहे की नाही ते बघायचं. राहुल म्हणायचा तू पड, मी बघतो. पण तो बघेल यावर विश्वास बसायचा नाही. सासूबाईंवर नाही, नव्या डॉक्टरांवर नाही, स्वतःवर तर मुळीच नाही. एकदा फसल्यावर डोळे मिटायचे कसे? बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि दचकून जाग यायची, हात आधी तिच्या छातीवर जायचा.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन चामटोलीला गेले. ठमाबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "ये गो, भांडखोर. आणलीस काय वाघीण?" मी साडी नेली होती, ती तिने बाजूला ठेवली. मी म्हटलं, तुम्ही आला नसता तर आम्ही दोघी नसतो. ती म्हणाली, "मी तुला वाचवाया आलेच नव्हते. मला तुझा राग आलेला." मी विचारलं, मग विहारात लिहायला सांगितलंय, मी काय लिहू? कुणाची कृपा म्हणू? तिने वालाची टरफलं झटकली. "मला काय ठाव? मी तीस वरसं पोरं काढताना बघली. काय जगली, काय गेली. सगळ्यांच्या आया काय ना काय बोलतच होत्या." मग पुढचा वाल उचलत म्हणाली, "त्या दिवशी माझं येणं नव्हतं. सकाळी निघाले, बस्स. का निघाले ते मलाबी सांगता येत नाय. तू लिवतेस, तू बघ."

मुलगी रडायला लागली. ठमाबाईने हात धुतले, तिला माझ्याकडून घेतलं, आडव्या पायांवर घातलं आणि तेल कोमट करून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. दोन्ही हात मिळून माझ्या मुलीएवढे. मुलगी गप्प झाली. मी भिंतीला टेकून बघत होते. मला आठवतं, मी तिच्या पाठीचं वर-खाली होणं मोजत होते. मग मोजायचं राहिलं.

जागी झाले तेव्हा ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं. मी सतरंजीवर आडवी होते, अंगावर पांघरूण होतं आणि ते कधी घातलं मला माहीत नव्हतं. चार तास मी तिच्या छातीवर हात ठेवला नव्हता. चार तास जग माझ्यावाचून चाललं होतं आणि माझी मुलगी जिवंत होती. ठमाबाईच्या मांडीवर झोपली होती, मूठ वळून. तिला जाग येऊ नये म्हणून ठमाबाईचे वाल सोलायचे तसेच राहिले होते. ठमाबाई म्हणाली, "उठू नको. पड आजून. मी हाय ना."

मी पुन्हा डोळे मिटले.